केळुसकरांचं शेखडम

केळुसकर साहेबांनी इद्रीसभाईच्या हाताकडे धड बघितलंही नाही. टेबलावरच्या पंख्याचं तोंड स्वतःकडे वळवलं, कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ॲशट्रे ठेवला आणि म्हणाले, "पंप चालू होऊ दे, मग बघू."

इद्रीसभाई दारात उभा होता. उजवा हात त्याने डाव्या हातावर तान्ह्या पोरासारखा तोलून धरला होता. पंपाचं बिडाचं कव्हर खाली घेताना साखळी सटकली होती आणि त्याची दोन बोटं खाली सापडली होती. आता सूज कोपरापर्यंत चढली होती आणि गुंडाळलेल्या फडक्याला वास मारायला लागला होता.

"साहेब, कंपाउंडर म्हणतो विष चढतंय," मी म्हणालो. "बेटावरच्या इस्पितळात नेलं तर हात वाचेल, नाहीतर हात जाईल आणि मग माणूसही. लाँच रोज सकाळी सुटते. तुम्ही फक्त त्याचा पासपोर्ट द्या."

"आणि बेटावरून त्याने परस्पर मुंबईची बोट धरली तर? पंपाचं फिटिंग कोण करणार, तुझा बाप?"

"एका हाताने तो काय फिटिंग करणार, साहेब?"

"तोंड शाबूत आहे ना त्याचं? त्याने सांगायचं आणि तुम्ही करायचं."

एवढं बोलून साहेबांनी कागदांत डोकं घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी दापोलीकडच्या खेड्यातून आलेला साधा वायरमन, आणि माझाही पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. मी इद्रीसभाईला धरून बाहेर आणलं. बाहेर वाळू तव्यासारखी तापली होती. तो हर्णैचा, माझ्याहून वयाने मोठा, हेड फिटर, पण त्या दिवशी तो माझ्या आधाराने चालत होता. "दिगू, हात गेला तर घरी कोनच्या तोंडानं जाऊ रं?" एवढंच तो म्हणाला.

ही साठच्या दशकातली गोष्ट आहे. आखाताच्या त्या किनाऱ्याला तेव्हा तेल लागलेलं नव्हतं. चार-दोन मैल गेलं की एका शेखाचं राज्य संपायचं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचं. आम्ही होतो ते राज्य त्यातही चिमुकलं होतं. एक मातीचा किल्ला, खजुराची बाग, मासळीचा बाजार आणि खारट पाण्याच्या विहिरी. गोड पाणी मिळावं म्हणून शेखाने आमच्या कंपनीला पंप बसवायचं काम दिलं होतं, आणि मुंबईच्या आमच्या कंपनीने त्यावर केळुसकर साहेबांना आणून बसवलं होतं.

उतरलो त्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणावर मांजराच्या पिल्लांचं चित्र. एकेक पासपोर्ट त्यात टाकताना ते प्रत्येकाला तेच वाक्य म्हणत होते, "इथे सुरक्षित राहील." शेवटी स्वतःचाही पासपोर्ट त्यांनी आमच्या देखत त्यातच टाकला, म्हणजे आम्ही तोंड उघडायला नको. फरक इतकाच, की डबा ज्या कपाटात गेला त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

मग त्यांनी आम्हाला वाळूत बसवून भाषण दिलं. साहेबांना शब्दांची भारी हौस. "शेखडम म्हणजे काय, माहीत आहे? किंगचं जसं किंगडम, तसं शेखाचं शेखडम. इंग्रजी पेपरात असंच छापतात. आपल्याकडे संस्थानं होती, तसलाच प्रकार. जितकी जमीन त्याची, तितक्यावर त्याचा हुकूम. आता गंमत बघा. ही खाडी आहे ना, तिच्या अलीकडे ह्या शेखाचं शेखडम. आपला कॅम्प खाडीच्या पलीकडे. ती वाळू हा शेख आपली म्हणतो आणि तिकडचा शेख आपली म्हणतो. इंग्रज साहेबाने अजून रेघ मारलेली नाही. म्हणजे कुंपणाच्या आत शेखडम कुणाचं?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि खो खो हसले. आम्हीही हसलो. नवीन होतो.

पुढे त्या शब्दाने त्यांनी आमच्या नाकी नऊ आणले. जेवणात भाजी मागितली की "माझ्या शेखडममध्ये डाळच मिळते." शुक्रवारी बाजारात जाऊ का विचारलं की "शेखडमच्या बाहेर पाय टाकलास तर आत घ्यायचं की नाही ते मी ठरवीन." आजारी पडलेल्या सुताराला उन्हात उभं केलं तेव्हाही तोंडी शेखडमच. आम्हीही मग मागे त्यांना नावं ठेवताना कॅम्पला तेच म्हणू लागलो, केळुसकरांचं शेखडम. फक्त इद्रीसभाई तो शब्द वापरत नसे. तो ह्या किनाऱ्यावर आधीही राहिला होता. तो म्हणायचा, "हितं असं कोन बोलत नाय. मानसाला इचारतात, तू कोनाचा? तो नाव सांगतो. झालं."

शेखाच्या दारात जाऊन गाऱ्हाणं घालावं, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. पण साहेबांनी सुरुवातीलाच दम भरून ठेवला होता, की जवळ कागद नसताना कुंपणाबाहेर सापडलात तर शेखाची माणसं थेट किल्ल्यात कोंडतील. इद्रीसभाईसुद्धा नको म्हणाला. अडकलो तर दोघेही अडकू, अशी त्याला भीती होती.

त्या दिवशी दुपारनंतर कुंपणाशी शेखाची जीप येऊन उभी राहिली. पंपाला उशीर का होतोय, ते मजलिसमध्ये येऊन सांगा, असा निरोप होता. मजलिस म्हणजे शेखाची रोजची बैठक. एरवी साहेब इद्रीसभाईला दुभाषा म्हणून नेत. आता त्याला नेला असता तर हात दिसला असता. बहरीनच्या बंदरात वर्कशॉपमध्ये काम करताना मी मोडकंतोडकं अरबी शिकलो होतो, म्हणून माझी वर्णी लागली.

जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी माझी कॉलर धरली. "हाताबद्दल एक शब्द काढलास, तर तू म्हातारा होईपर्यंत पासपोर्ट बघणार नाहीस. मी बोलेन तेवढंच सांगायचं. शहाणपणा नको. आणि चारचौघांत नीट वाग, खेडवळासारखा कशावर तुटून पडू नकोस."

मजलिसची खोली लांबट होती आणि तिची दारं सताड उघडी होती. मला तेच पहिलं नवल वाटलं. भिंतीला लागून गालिचे आणि लोड होते. शेख मधोमध बसला होता. पिकल्या दाढीचा, काटकुळा माणूस, अंगावर साधा पांढरा झगा. कुणीही आत येत होतं. अंगाला मासळीचा वास येणारा एक कोळी आला, शेजारच्याने जाळं फाडल्याची तक्रार केली, निवाडा ऐकला आणि गेला. एक म्हातारी दारातूनच ओरडून काहीतरी बोलली आणि शेखाने हसून मान डोलावली. केळुसकर साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "हे राज्य! आमच्या गल्लीतल्या पंचायतीला ह्याहून जास्त शिस्त असते."

दुभाषा म्हणून मला शेखाच्या बाजूला बसवलं. माझ्या एका अंगाला साहेब, पँट सावरत कशीबशी मांडी घालून बसलेले. दुसऱ्या अंगाला, शेखाच्या आणि माझ्या मध्ये, एक हाजी म्हणून म्हातारा, शेखाचा सल्लागार. मग पितळी किटली घेऊन कॉफीवाला आला. तोही म्हाताराच. बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात त्याने घोटभर कॉफी ओतली आणि पहिला पेला माझ्या हातात दिला.

आता आमच्या घरची रीत अशी, की वडीलधाऱ्यांनी तोंडाला लावल्याशिवाय लहानाने लावायचं नाही. बाप ताटाला हात लावेपर्यंत आम्ही भावंडं हात मागे घेऊन बसायचो. साहेब कितीही वाईट असले तरी वयाने आणि हुद्द्याने मोठे, आणि त्यांचा पेला अजून आला नव्हता. त्यात नीट वागायची ताकीद. मी आपला पेला अदबीने समोर गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसलो.

कॉफीवाला जागच्या जागी थांबला. साहेबांचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला. खोलीतलं बोलणं एकदम बंद झालं आणि सगळे माझ्या पेल्याकडे बघू लागले. काहीतरी भलतंच झालं म्हणून मला घाम फुटला. शेखाने थोडं पुढे वाकून माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "पी. तुझं काम झालं समज."

मला काही उमजेना. तेव्हा हाजी माझ्याकडे झुकला आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश अरबीत बोलला. पाहुण्याने पेला न पिता खाली ठेवला, की त्याला यजमानाकडे काहीतरी मागायचं असतं. यजमानाने हो म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि पिऊन टाकला, तर त्याला काही मागायचं नाही, असं धरून चालतात. मग विषय संपला.

"काय बोलतायत?" साहेबांनी मला ढोसलं.

"कॉफी पी म्हणतात."

"मग पी की! शोभा कसली करतोस?"

मी पेल्याकडे बघितलं. उचलून प्यायलो असतो तर सगळं सोपं होतं. साहेब खूश झाले असते, पंपाची चर्चा झाली असती आणि संध्याकाळी मी कॅम्पवर डाळ खात असतो, इद्रीसभाईच्या कण्हण्याकडे कान बंद करून. भीती तर वाटतच होती. किल्लीवाला माणूस माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता.

"शिगवण, पी म्हणतो ना!" साहेब दातओठ खात म्हणाले.

मी प्यायलो नाही. माझ्या मोडक्या अरबीत शेखाला म्हणालो, "माझा भाऊ इद्रीस. तुमच्या पाण्याचा पंप लावताना त्याचा हात चेचला. हात सडतोय. बेटावर इस्पितळ आहे, लाँच आहे. पासपोर्ट नाही. पासपोर्ट ह्यांच्या कपाटात आहे. हे देत नाहीत."

इद्रीस आणि पासपोर्ट हे दोन शब्द कुणालाही कळले असते. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग काळवंडला. तरी आवाज त्यांनी ताब्यात ठेवला. मानलं पाहिजे. "सांग त्यांना, हा कंपनीचा घरगुती मामला आहे. आणि हेही सांग, की आमचा कॅम्प खाडीच्या पलीकडे आहे. ते ह्यांचं शेखडम नव्हे. नकाशात बघायला सांग. तिथे ह्यांचा हुकूम चालत नाही."

शेखडमला अरबीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "ती जमीन तुमची नाही, असं हे म्हणतात. तिथे तुमचा शब्द चालत नाही."

खोलीत कुणीतरी हळूच हसलं. शेख हसला नाही. रागावलाही नाही. त्याने मला विचारलं, "त्या हातवाल्याला कुणी विचारलं, तू कुणाच्या पाण्यासाठी काम करतोस, तर तो कुणाचं नाव घेईल?"

"तुमचं."

"आणि आज त्याच्यासाठी तू कुणाच्या दारात आलास?"

"तुमच्या."

"मग तो माझा. वाळूची भांडणं इंग्रजाला सोडवू दे. वाळू काही माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन येत नाही." एवढं बोलून त्याने पहिल्यांदाच केळुसकर साहेबांकडे पूर्ण वळून बघितलं. "आणि ह्यांचं म्हणणं मी मान्य करतो. कपाट खाडीपलीकडे आहे. पण किल्ली कुठे आहे?"

मी हे मराठीत सांगितलं. साहेबांचा हात आपोआप सदऱ्यावर, जानव्यापाशी गेला. तो सगळ्यांनी बघितला.

"ह्यांना सांग," शेख म्हणाला, "तुम्ही माझ्या घरात आहात, माझे पाहुणे आहात. डबा येईपर्यंत कॉफी घ्या."

दारातल्या दोन बंदूकवाल्यांनी तोवर उंबऱ्यावर बूड टेकलं होतं. त्यांनी कुणाला धमकावलं नाही. नुसते तिथे बसले. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि जानवं ओढून किल्ली सोडली. माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या डोळ्यांत काय होतं, ते त्यांनी विसरू नये अशी माझी इच्छा आहे.

हाजी किल्ली घेऊन जीपमधून गेला. मग मी माझा पेला उचलला. कॉफी गार झाली होती, कडू होती, वेलचीचा वास होता. इतकी चांगली कॉफी मी पुन्हा प्यायलो नाही.

साहेबांची मात्र पंचाईत झाली. त्यांनी पेला रिकामा केला की कॉफीवाला म्हातारा लगेच पुन्हा भरी. नको म्हणावं तर यजमान रागावेल, ह्या धास्तीने ते प्रत्येक वेळी घाईघाईने पिऊन टाकत. कपाळावरून घाम ओघळत होता. अधूनमधून मला शिव्या देत होते, पण शेख बघतोय म्हणून तोंडावर हसू ठेवून.

जीप परत आली तेव्हा मागच्या सीटवर इद्रीसभाई बसला होता. हाजी त्याला सोबतच घेऊन आला होता. मांजराच्या पिल्लांचा डबा शेखाच्या पुढ्यात उघडला गेला. मी त्यातून इद्रीसभाईचा पासपोर्ट काढला. शेखाने तो घेऊन त्याच्या चांगल्या हातात दिला, फडकं बाजूला करून जखम बघितली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. सकाळच्या लाँचची वाट न बघता स्वतःची लाँच काढायला सांगितली. इद्रीसभाईची दोन बोटं गेली, हात वाचला. पुढे कितीतरी वर्षं हर्णैला त्याच हाताने तो मचव्यांची इंजिनं दुरुस्त करत होता, आणि दर ईदला त्याच हाताने त्याने मला शिरखुर्म्याची वाटी दिली.

त्या दिवशी त्याला लाँचवर चढवायला दोन माणसं गेली आणि मी पुन्हा गालिच्यावर येऊन बसलो. बाकीचे पासपोर्ट शेखाने माझ्या हवाली केले, ज्याचा त्याला दे म्हणाला. माझाही त्यातच होता. डब्यात तळाशी एकच उरला. शेखाने तो उघडला, आतला फोटो आणि समोरचा घामेजलेला चेहरा ताडून बघितला, आणि मग तो पासपोर्ट आपल्या लोडाखाली सरकवला. वर मला उद्देशून काहीतरी बोलला.

"काय? काय म्हणाला?" साहेबांचा आवाज चिरकला.

"ते म्हणतात, इथे सुरक्षित राहील."

मी त्यात पदरचा एक शब्दही घातला नव्हता. शेखाला ते वाक्य कुठून सुचलं, देव जाणे. पासपोर्ट काढून घेणाऱ्या सगळ्यांना बहुधा तेच सुचत असावं.

"अरे, पण कधी देणार, विचार!"

मी विचारलं. शेखाने उत्तर दिलं आणि शेजारच्याशी खजुराच्या बागेबद्दल बोलायला लागला.

"पंप चालू होऊ दे, मग बघू, असं म्हणतात."

साहेबांचे डोळे पांढरे झाले. पंपाचं फिटिंग ज्याला येत होतं, तो माणूस आता समुद्रावर होता. तेवढ्यात म्हाताऱ्याने त्यांच्या हातात आणखी एक भरलेला पेला दिला. त्यांनी तो धरला आणि माझ्या जवळ सरकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दिगंबर," ते म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. "तुझं त्याने ऐकलं. ह्यांच्याकडे मागायची काहीतरी रीत असेल ना रे? कसं करायचं असतं?"

मी त्यांच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. गालिचा त्या पेल्यापासून वीतभर खाली होता.

"आहे ना, साहेब," मी म्हणालो. "आधी कॉफी संपवायची असते."

त्यांनी ती एका घोटात संपवली. म्हाताऱ्याने किटली पुढे केली आणि त्यांचा पेला पुन्हा भरला.